गुरुवारी पाचला येणारी निअँडरथल मावशी

माझ्या बायकोच्या अंगात दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता एक निअँडरथल बाई येते. पाचला येते, साडेपाचला जाते. वेळेची पक्की आहे, एवढं मी तिच्याबद्दल चांगलं बोलू शकतो.

हे प्रकरण शुभाच्या (म्हणजे माझ्या बायकोच्या) मोबाइलवरच्या क्लासमधून घरात शिरलं. डोळे मिटायचे, श्वास मोजायचा आणि कोणीतरी जुनं माणूस आपल्या तोंडून बोलण्याची वाट बघायची. क्लासमधल्या कोणाला राणी मिळाली, कोणाला ऋषिपत्नी. आमच्या वाट्याला हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेली, जाड भुवयांची, गुहेत राहणारी बाई! तिला नाव नाही. त्यांच्यात नाव नसतं, नुसती हाक असते, असं शुभा सांगते. आमची मुलगी ऋचा तिला मावशी म्हणते. ही मावशी कातडी कशी खरवडायची ते सांगते, मेलेल्या माणसाला गुडघे पोटाशी घेऊन झोपल्यासारखं कसं ठेवायचं ते सांगते, आणि विस्तवाकडे कोणी पाठ केली की रागावते. आमच्याकडे विस्तव म्हणजे गॅस. त्यामुळे दर गुरुवारी अर्धा तास मी ओट्याकडे तोंड करून बसतो.

इथवर मी निभावून नेत होतो. पण ऋचाचं लग्न जमायची वेळ आली.

मुलगा तिने स्वतःच निवडला होता, चांगला होता. घर सिन्नरचं. वडील विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, आणि अंगात येणं कसं थोतांड आहे यावर गावोगाव फुकट व्याख्यानं देणारे. ते आणि त्यांच्या आई आमचं घर बघायला येणार होते. सरांनी फोनवर बुधवार सुचवला. बुधवारी अमावास्या आहे हे बघून मी घाईघाईने म्हणालो, "बुधवारी जरा काम आहे हो, गुरुवारी या ना."

फोन ठेवला तर समोर ऋचा उभी.

"बाबा, गुरुवार?"

"तीनला येतील, चारला जातील."

"आणि नाही गेले तर?" ती म्हणाली. "त्यांनी मावशीला बघितलं तर संपलं सगळं."

तीस वर्षं मी ओझरला विमानांच्या कारखान्यात तपासनीस होतो, कुठला भाग कधी निखळेल याचीच काळजी करायची सवय. हा भाग मी स्वतः ढिला करून ठेवला होता.

शुभाला म्हटलं, "या गुरुवारी तिला सुट्टी दे."

"ती नोकरीला नाहीये," शुभा म्हणाली.

गुरुवार उजाडला. तीन वाजले, साडेतीन वाजले, पाहुण्यांचा पत्ता नाही. चारला सरांचा फोन आला, "द्वारकेच्या चौकात अडकलोय. गाडी हलत नाहीये." मी खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ तासभर मागे केलं. (जिला घड्याळ वाचता येत नाही तिला याने काय फरक पडणार, हे मला खाली उतरल्यावर सुचलं.)

पाहुणे आले तेव्हा खऱ्या घड्याळात पाचला दहा कमी होते. सरांनी भिंतीकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं आणि मनगट कानाशी धरलं. त्यांच्या आई, म्हणजे मुलाच्या आजी, सोफ्यावर मांडी घालून बसल्या. शुभाने चिवड्याच्या बश्या आणल्या. माझं सगळं लक्ष शुभाच्या डोळ्यांकडे. ते मिटले की काय करायचं, या धास्तीने मी पहिली बशी उचलली आणि चिवडा खात सुटलो. दुसरी भरली, तीही संपवली. काळजी वाटली की मला भूक लागते.

पाच वाजले. शुभाचे डोळे मिटले.

"हूं," ती म्हणाली. मावशीचा तोच घोगरा आवाज.

ऋचा स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभी राहिली. सर पुढे सरकले. मी म्हणालो, "हिला जरा अ‍ॅसिडिटी..."

"म्हातारीच्या तोंडात दात नाहीत," शुभा डोळे मिटूनच म्हणाली. "तिच्या हातात दगड दिले. आमच्यात दात नसलेल्याला आधी वाढतात. मऊ तुकडा. नसेल तर दुसरा चावून देतो."

तेव्हा मी आजींकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांची बशी जशीच्या तशी मांडीवर होती.

"आणि हा," शुभाने बरोबर माझ्यावर बोट रोखलं, "सगळ्यांच्या आधी खातो. रोज. बाई जेवली का, विचारत नाही. अशाला आमच्यात गुहेबाहेर बसवतात."

आजींनी पदर सावरला आणि हात जोडले. "खरं हाय गं बाई. कुठल्या ठिकाणची तू?"

"गुहेतली."

"लय जुनं ठाणं दिसतंय," आजी म्हणाल्या. "पोरी, हळदकुंकू आण. बाईची ओटी भरू."

"आई, ही देवी नाही," सर म्हणाले. मग शुभाकडे वळले. "कोण आहे ही?"

"निअँडरथल," ऋचा रडवेल्या आवाजात म्हणाली.

सरांची पंचाईत झाली. देवी असती तर त्यांच्याकडे तासाभराचं व्याख्यान तयार होतं. निअँडरथलवर त्यांनी काही बसवलेलं नव्हतं. शिवाय ते विज्ञानाचे शिक्षक! त्यांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "विस्तव कशाने पेटवायचा?"

पण आजींना उत्तर ऐकायचं नव्हतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आवो, ती बाहेर म्हन्ली ना तुमाला?"

व्याह्यांच्या आईचा शब्द मोडून मुलीचं लग्न मोडू का? मी उठलो आणि दाराबाहेर चपलांशेजारी जाऊन बसलो. आत ओटी भरली गेली. ऋचाने आजींसाठी मऊ शिरा केला. अर्ध्या तासाने सरांनी बाहेर येऊन माझा हात हातात घेतला. म्हणाले, "पसंत आहे आम्हाला. दात नसलेल्याला आधी, हे माझ्या आईला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही."

पाहुणे गेल्यावर मी शुभाला म्हणालो, "वाचलो. तुझ्या मावशीने मात्र माझी पार लाज काढली."

शुभा बश्या विसळत होती. "मावशी आज आलीच नाही," ती म्हणाली. "द्वारकेला अडकली असेल."

"मग बोलत कोण होतं?"

"मीच. अठ्ठावीस वर्षं बोलायचं राहिलं होतं."

मला खरंच वाईट वाटलं. तेव्हापासून मी शुभाला वाढल्याशिवाय घास घेत नाही. रोज, सातही वार. गुरुवारी मात्र पाचच्या आधीच वाढतो आणि आपणहून बाहेर चपलांशेजारी जाऊन बसतो. आत दोघींपैकी कोण आहे, हे अजूनही मला ओळखता येत नाही.