नानांचं विलायती बोंड

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये नोकरी केली की दोन गोष्टी साचतातच, नाकात रुई आणि डोक्यात किस्से. रुई शिंकरली की निघते. किस्से मात्र चार माणसं जमली की आपोआप बाहेर पडतात. मलकापूरच्या आमच्या जिनिंगमधले हे किस्से महाराष्ट्र नवा नवा झाला तेव्हाचे.

नाना आमचे हेडक्लार्क. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मुंबईत एका गोऱ्या कंपनीत होते. तेव्हा त्यांनी बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, पाटल्या मोडून एका परदेशी सरकारचा बॉण्ड घेतला. त्या कागदाच्या कडेला छापील कुपनं होती. दर सहा महिन्यांनी एक कापायचं, बँकेत द्यायचं आणि व्याज घ्यायचं. पण लढाई आली, कायदे बदलले आणि व्याज थांबलं ते थांबलंच. नाना बँकेला अर्ज करत राहिले, उत्तर काही येईना.

काकू रोज विचारायच्या, "माह्या पाटल्यायनं आज किती कमावलं?"

एकदा, फक्त एकदा, त्या कागदाची कमाई काकूंच्या हातावर ठेवायची, एवढीच नानांची इच्छा!

* * *

बॉण्डवरची त्यांची भक्ती मात्र कमी झाली नाही. दर रविवारी कापूस तोलायच्या काटाघरात त्यांनी फुकट क्लास काढला. फाटकावर पाटी लावायची ठरली. पेंटर आमच्याच गावचा, त्याला ठाऊक ते फक्त कापसाचं बोंड. चिठ्ठीतलं 'बॉण्ड' त्याला चुकीचं वाटलं, म्हणून त्यानं ते दुरुस्त केलं. पाटी लागली, "परदेशी बोंडांचा व्यवहार शिका!"

पहिल्याच रविवारी चाळीस शेतकरी हजर! धामणगाव बढ्याचे गुलाबराव सगळ्यात पुढे, मांडीवर रिकामं पोतं घेऊन बसलेले.

"नाना, या विलायती बोंडाले अळी लागते का?"

नानांना वाटलं, विद्यार्थी जोखमीबद्दल विचारतोय. ते खूश झाले. "लागते ना! लढाई झाली की हमखास लागते."

"मंग फवारा कशाचा मारावा?"

"काहीच नाही मारायचं. नुसती वाट पाह्यची!"

गुलाबरावांनी मान डोलावली. तेही बहुतेक तेच करत असावेत.

* * *

मग नाना म्हणाले, "आता हा बॉण्ड पिकाले वीस वर्षं लागतात."

"वीस वर्षं?" गुलाबराव ओरडले, "आमचं बोंड दिवाळीले फुटते!"

एकोणचाळीस जण उठून गेले. गुलाबराव तेवढे थांबले, कारण त्यांची एसटी संध्याकाळी होती.

* * *

परदेशी बॉण्ड विकत घ्यायला परवानगी लागायची आणि ती कुणाला मिळत नसे. तेव्हा सराव म्हणून आम्ही जिनिंगवाले आणि गुलाबरावांनी भुईमुगाच्या खाऱ्या शेंगांवर व्यवहार सुरू केला. एक शेंग म्हणजे एक पौंड. नाना फळ्यावर भाव लिहायचे, आम्ही खरेदी-विक्री करायचो. तासाभरानं नानांनी विचारलं, "गुलाबराव, तुमचं भांडवल कुठं गेलं?"

गुलाबरावांनी मिशीवरचं टरफल झटकलं. "नाना, बाजार लय खारट होता!"

* * *

आणि मग साखरेच्या टंचाईचं वर्ष आलं. उंद्रीहून नानांच्या लेकीला पाहायला पाहुणे यायचे होते आणि घरात साखरेचा दाणा नव्हता, रेशनची कुपनंही संपलेली. रेशनवाला मोतीराम कुपनाशिवाय साखर देत नसे. नाना ऑफिसात. काकूंनी ट्रंक उघडली, कात्री घेतली आणि बॉण्डची सगळी कुपनं कापून थेट दुकानात!

मोतीरामनं कुपन उजेडात धरलं. "काकू, शिक्क्यावर सिंह दोनच दिसून राह्यले."

"बाकीचे मांगं असतील!"

मोतीरामला पटलं. त्यानं पाच किलो साखर तोलली.

संध्याकाळी नानांना कळलं. अनवाणी धावत दुकानात गेले. मोतीराम म्हणाला, "ते तं हिशोबासंगं वरच्या ऑफिसात गेले, नाना!"

नाना पंधरा दिवस काकूंशी बोलले नाहीत. समोर आलेला चहा प्यायचे आणि भिंतीकडे बघायचे. आम्हाला खरंच वाईट वाटायचं हो!

सोळाव्या दिवशी मोतीराम वरून आलेली चिठ्ठी घेऊन नानांच्या घरी आला. तिच्यावर लिहिलं होतं, "कुपने मिळाली. मंजूर. यापुढे मराठीत छापलेली पाठवावीत."

'मंजूर' हा शब्द नानांनी तीनदा वाचला. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि ती चिठ्ठी काकूंच्या हातावर ठेवली.

"हे घे. पाटल्यायचं व्याज!"

काकूंनी कपात साखर ढवळली आणि कप नानांपुढे सरकवला.

"तेच तं पिऊन राह्यले तुमी पंधरा दिवसांपासून!"