अकरा घरची म्हैस

आमच्या बचत गटात अकरा बायका होत्या आणि कागदावर अकरा म्हशी. गावात म्हैस एकच होती. बाकीच्या दहांचं काय झालं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त कर्ज देणाऱ्या संस्थेला सोडून. एक म्हैस कुणाच्या बोअरमध्ये गेली, एक दिराच्या लग्नात बँडपुढे नाचली, आणि आमच्या दारातली म्हैस पेट्रोल पिते. तिच्यावर बसून आमचे मालक रोज वसमतला जातात. बाईच्या नावानं पैसा आला की घरातल्या पुरुषाला एकदम कामं आठवतात. मी गटाची सचिव होते, कारण मला लिहिता येतं आणि तोंड बंद ठेवता येत नाही.

खरी म्हैस घेतली ती एकीनंच. लग्नानंतर दोन वर्षांत नवऱ्यानं टाकलं म्हणून ती भावाच्या घरी परत आली होती, आमच्या शेजारीच. आम्ही तिला म्हशीवाली म्हणायचो. म्हैस यायच्या आधी भावजय तिच्यापुढे ताट असं आदळायची की भिंतीपलीकडे आम्हाला कळायचं, नणंद जेवायला बसली. दूध डेअरीवर जायला लागलं, तिच्या हातात स्वतःचा पैसा आला, आणि ताट हळूच ठेवलं जाऊ लागलं. त्या घरात ती बसली होती ती म्हशीच्या जोरावर. म्हैस गेली असती तर ताट पुन्हा आदळलं असतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मार्गदर्शन करायला पुण्याहून एक मॅडम यायच्या. मनानं फार चांगल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी रंगीत खडू वाटले आणि म्हणाल्या, पाच वर्षांनंतरचं तुमचं स्वप्न काढा. सोयाबीन काढणीचे दिवस होते, बायका दिवसाचा रोज बुडवून बसलेल्या. एकीनं कडी असलेलं दार काढलं. मॅडमना त्यात स्त्रीची घुसमट दिसली. ती बिचारी म्हणत राहिली, "न्हाई मॅडम, मोरीचं दार हाय. आमच्या मोरीला दारच न्हाई." मॅडमनी तोवर डोळे पुसायला घेतले होते. मला हसू आलं आणि रागही आला. रडण्याऐवजी एक दार पाठवलं असतं तर काय बिघडलं असतं?

मग एके दिवशी निरोप आला. संस्थेला प्रत्येक बाईचा तिच्या दारात, तिच्या म्हशीबरोबर फोटो पाहिजे, आणि तो काढायला मॅडम स्वतः येणार. गटात हाहाकार उडाला. आमच्या अध्यक्षा मात्र राजकारणातल्या घरच्या, सरपंचाच्या भावजय. त्यांनी शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाल्या, "म्हैस एक हाय तर काय झालं, तिला पाय चार हायेत. फिरवायची."

म्हशीवाली आधी कबूल होईना. मग तिनं एक अट घातली. ज्या दारात म्हैस जाईल त्या घरानं तिला घमेलंभर सरकी पेंड चारायची. उसनी नको, उद्या देते नको. आम्ही मान्य केलं, दुसरा इलाज तरी काय होता?

अडचण कानाची होती. म्हशीच्या कानात विम्याचा पिवळा बिल्ला, त्यावर नंबर. कान झाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मग प्रत्येकीनं म्हशीच्या डोक्यावर आपापलं ब्लाऊजपीस बांधलं. कुणाचं हिरवं, कुणाचं जरीच्या काठाचं. मॅडमनी विचारलं, हे कशासाठी? अध्यक्षा म्हणाल्या, "नजर लागती मॅडम दुभत्या जनावराला. पहिल्यापासून रीत हाय आमच्याकडं." मॅडमनी ती रीत कौतुकानं टिपून घेतली. आता कुठल्या तरी अहवालात आमच्या भागातल्या म्हशी डोक्यावरून पदर घेत असतील.

मॅडम एका घरी चहा घ्यायच्या, तेवढ्यात म्हैस मागच्या बोळानं पुढच्या घरी. सहाव्या घरी म्हैस आपण होऊन मॅडमचा हात चाटायला लागली. "किती माणसाळलेल्या आहेत हो तुमच्या सगळ्या म्हशी," मॅडम म्हणाल्या. आमच्या दारात येईपर्यंत म्हशीला पेंड नको झाली होती. मी घमेलं पुढे केलं तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. म्हशीवालीची भावजयही गटात होतीच. तिचे पैसे नवऱ्यानं मोटारसायकलीत घातले होते. तिचा फोटो पुढच्या दारी काढला, म्हशीवालीचा शेवटी मागच्या गोठ्यात. रात्री मॅडमनी सगळे फोटो गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकले, प्रत्येकीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'म्हशीची मालकीण'. आम्ही पोट धरून हसलो.

हसू फार दिवस टिकलं नाही. म्हशीवालीच्या भावाला मोटारसायकल जुनी वाटायला लागली होती, आता त्याला सेकंडहँड जीप पाहिजे होती. एका सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. व्यापाऱ्यानं इसार दिला होता आणि म्हशीचं दावं भावाच्या हातात होतं. म्हशीवाली म्हणत होती, "दादा, माझी म्हैस हाय, कर्ज माझ्या नावावर हाय." तो म्हणाला, "गोठा माझा, कडबा माझा, तू बी माझ्याच घरात राहून राहिली. म्हैस तुझी काहून?" ती रडली नाही. दाव्याचं दुसरं टोक धरून उभी राहिली. त्या दोघांमध्ये म्हैस रवंथ करत होती. मी घरात पळाले आणि अध्यक्षांना फोन लावला.

अध्यक्षा आल्या त्या फोन हातात धरूनच. "भाऊ, माझी म्हैस कुठं घेऊन चालले?"

भाऊ हसला. अध्यक्षांनी आपला म्हशीबरोबरचा फोटो व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे धरला. तेवढ्यात दुसरी आली, तिच्याकडेही फोटो. मग तिसरी. मीही माझा दाखवला. माझ्या आयुष्यात मी इतक्या ठामपणे कधी खोटं बोलले नव्हते, आणि इतकं बरंही वाटलं नव्हतं. गाव करी ते राव न करी म्हणतात. आमच्याकडे ते बायकांनी केलं.

भाऊ चिडला. "सगळ्या खोटं बोलून राहिल्या. गावात म्हैस एकच हाय, पोरासोरांना बी ठावं हाय."

"मग तसं सांगा की संस्थेला," अध्यक्षा म्हणाल्या. "पण तुमच्या मंडळीच्या नावावर बी एक म्हैस हाय. ते लोक विचारतील, ती कुठं हाय? तिच्यावर बसून तुमी फिरता, हे आमी सांगावं का तुमी?"

व्यापारी टेम्पोला टेकून ऐकत होता. तेवढ्यात दारातून भावजय बाहेर आली. मला वाटलं, आता ही नवऱ्याची बाजू घेणार आणि सगळं मुसळ केरात. तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही. व्यापाऱ्याला म्हणाली, "दाव्याला हात लावू नका. माझी बी म्हैस हाय ती."

व्यापाऱ्यानं भावाकडून इसार परत मागून घेतला. "एका जनावराला एवढ्या मालकिणी," तो म्हणाला, "मी कुणाकुणाच्या शिव्या खाऊ?" टेम्पो रिकामा गेला. भाऊही मोटारसायकल काढून गेला, कुठे ते कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी मी भिंतीवरून बघत होते. म्हशीवालीनं धार काढली, फेसाळ दुधाचा तांब्या भरला आणि भावजयीपुढे धरला. भावजयीनं तो दोन्ही हातांनी घेतला.

"आजचं तुझ्या म्हशीचं हाय, पी," म्हशीवाली म्हणाली. "उद्यापासून माझ्या म्हशीचं. रोख."