तांब्याच्या भांड्यावर विभूती

दसऱ्याच्या सुट्टीनंतर आमच्या लॅबच्या क्लीन रूममध्ये शिरले आणि माझं डोकंच फिरलं. डिटेक्टरच्या तांब्याच्या भांड्यावर विभूतीचे तीन पट्टे, मध्ये कुंकू, शेजारी अंगठ्याचा ठसा.

विश्व नुकतंच जन्मलं तेव्हा तयार झालेलं डार्क मॅटर अजूनही आपल्या आरपार जातं, असा आमचा अंदाज. त्याचा एखादा कण टिपायचा तर डिटेक्टरजवळ दुसरा किरणोत्सर्ग नको. पोटॅशियम किंचित किरणोत्सर्गी असतं. ते घामात असतं, राखेत तर भरपूर. म्हणून ग्लोव्हजशिवाय भांड्याला हात लावायचा नाही.

हे भांडं इथल्या मेटगळ्ळी औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप असलेल्या गायकवाड अण्णांनी चार महिने खपून लेथवर कातलं होतं. त्यांनाच फोन लावला.

“नोडी, बघा मॅडम, पूजा लेथची केली मी. तुमचा पीस दोन पिशव्यांत बंद होता. सील बघूनच तुम्ही सही केली, अल्वा, हो ना?”

केली होती. मग भांडं उघडलं ते आमच्याकडेच. क्लीन रूमची दुसरी किल्ली डायरेक्टरांकडे असते. मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले.

“आयुधपूजेला भांड्यासोबत फोटो नको का?” ते म्हणाले. “ॲसिडने धुऊन घ्या.”

“सर, ॲसिड तांब्याचा थर खातं. झाकण घट्ट बसणार नाही.”

“मग रिपोर्टमध्ये लिहा, वर्कशॉपमध्ये हाताळणी चुकली.”

अंगाचा नुसता तिळपापड झाला. असं लिहिलं की अण्णांना पुन्हा कुठलीही लॅब काम देणार नाही. पूजेशी माझं भांडण नाही, मी स्कूटरला दरवर्षी हार घालते. पण ज्या भाविक माणसाने या भांड्याला कुंकवाचं बोटसुद्धा लावलं नाही, त्याच्याच माथी हे मारायचं? आणि कोणी, तर फिजिक्समध्ये डॉक्टरेट केलेल्या माणसाने?

“नाही लिहिणार, सर.”

रिपोर्टमध्ये खरं कारण लिहिलं. सोबत सरांनीच ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेला पूजेचा फोटो जोडला. भांड्यावर टेकलेला त्यांचा उघडा अंगठा त्यात स्वच्छ दिसत होता.

चौकशी कमिटीने ‘कारण निश्चित नाही’ असा शेरा मारून सरांना वाचवलं. अण्णांवर ठपका आला नाही. नवं भांडं तेच कातताहेत. प्रयोग तेवढा लांबला, आणि मला प्रोजेक्टमधून उचलून स्टोअरला बसवलंय.

राग अजून गेलेला नाही. क्लीन रूमच्या दारावर नियमांचा बोर्ड मी कन्नड आणि इंग्रजीत लावला होता. त्यापेक्षा साहेबांकडची किल्ली काढून घ्यायला हवी होती.