खिडकीसमोरून जाणारी व्हॅन

ज्या माणसाने मला व्हॅन विकली त्याने मला फसवलं. आणि त्याच व्हॅनने तो आपल्या आईला फसवतो आहे.

हॅलोविन आला की आमच्या मंडळाच्या अंकासाठी भुताच्या छोट्या गोष्टी मागवतात, एका बैठकीत वाचून होतील अशा. मी टोरांटोच्या स्कारबरो भागात विद्यार्थ्यांना डबे पोचवतो, मला असलं काही सुचत नाही. यंदा मात्र माझ्याकडे गोष्ट आहे. तिच्यातलं भूत मी आहे, आणि ते काम मला न विचारता दिलं गेलं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझी जुनी गाडी बसली. भाव पाडण्यात मला कुणी हरवत नाही. दुसऱ्यांची भांडी घासत सुरुवात केली आणि स्वतःचं किचन उभं केलं, ते तोंड मिटून नाही. हा माणूस एका प्लाझाच्या पार्किंगमध्ये व्हॅन घेऊन आला. चाळिशीचा, मराठी, गळ्यात ऑफिसचं कार्ड.

"गाडी बाबांची," तो म्हणाला. "ते पुण्याला गेले, कायमचे. इथली थंडी झेपत नाही त्यांना."

मी टायरला लाथ घालून पाहिली, डाव्या दाराचा पोचा दाखवला, नाक मुरडलं. तो हलेना. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "काका, तुमचे डबे कुठल्या एरियात जातात?"

मी रस्ते सांगितले. एका रस्त्याशी तो थबकला.

"तिथे रोज?"

"रोज संध्याकाळी. पोरं उपाशी राहतील नाहीतर."

त्यानंतर मी म्हणेन तो भाव त्याने मान्य केला. वर विंटर टायर्स फुकट. "फक्त रंग बदलू नका हं," म्हणाला. "बाबांना फार आवडायचा."

आवडायचा, म्हणाला. मी तेव्हा वाकून टायर बघत होतो.

"चोपला त्याला," मी घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "एवढ्या सहज देतोय, म्हणजे गाडीत काहीतरी असणार." मी इंजिन पाहिलं होतं. तिला गप्प बसवलं.

गेल्या हॅलोविनच्या संध्याकाळी त्या रस्त्यावर पोरंच पोरं होती. सांगाडे, चेटकिणी, चादरी पांघरलेली भुतं. मी गाडी पायी चालल्यासारखी हाकत होतो. समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले म्हणून काचेवरची झडप खाली ओढली. तिच्यावर गॅरेजच्या रिमोटची बटणं होती, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. अंगठा एकावर पडला आणि उजवीकडच्या घराचं गॅरेज उघडायला लागलं.

मी ब्रेक मारला. घराच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली. सुती साडी, पायात नुसते मोजे, त्या थंडीत अंगावर कोट नाही. वाटेतल्या एका सांगाड्याला हाताने बाजूला सारून ती सरळ व्हॅनपाशी आली, दार उघडून माझ्या शेजारी बसली आणि बेल्ट लावला.

"आज थांबलात एकदाचे," ती म्हणाली. "रोज नुसते पुढे निघून जाता."

"काकू, तुमचा काहीतरी..."

"आत घ्या ना गाडी. पोरांच्या अंगावर जाईल."

पोरं खरंच चाकांपाशी आली होती, म्हणून मी व्हॅन वळवून गॅरेजच्या तोंडाशी उभी केली. ती माझ्याकडे बघतच नव्हती. समोर बघत होती, म्हणून मीही समोर बघितलं. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर, फावडं आणि रंगाचे डबे यांच्या मधोमध एक फोटो टांगला होता. लोकरी टोपीतला म्हातारा, एक हात व्हॅनच्या बॉनेटवर ठेवलेला. माझ्या व्हॅनच्या. डाव्या दारावर तोच पोचा.

फोटोला चंदनाचा हार होता.

माझे हेडलाइट नेमके त्याच्यावर पडले होते. मी ते बंद केले, पण गॅरेजमधला दिवा जळतच होता. चाचपडत पुन्हा बटण दाबलं. दार खाली यायला लागलं, हळूहळू, करकरत. तिची मान पुढे झाली. बर्फासारखा हात माझ्या मनगटावर आला.

"हार कुणाला घातलाय हो?"

बाहेर कुणीतरी 'ट्रिक ऑर ट्रीट' ओरडत होतं. दार अजून फोटोच्या वरच होतं. अख्ख्या टोरांटोत कुणाशी बोलताना मी अडखळत नाही, पण तिथे तोंडाला येईल ते बोलून गेलो.

"दिवाळीचा आहे," मी म्हणालो. "दाराला लावायचा."

"मग गॅरेजात काय करतोय? धूळ खाईल. तुमचं सगळं असंच."

माझा आवाज ऐकूनही तिला शंका आली नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

तेवढ्यात मला व्हॅन विकणारा तो माणूस घरातून धावत आला, हातात चॉकलेटांचं भांडं तसंच. "आई, चल, जेवायचंय ना?"

"यांना घेऊन चल."

"येतील ते, गाडी लावून."

तिला आत पोचवून तो परतला तोवर मी खाली उतरलो होतो.

"मेलेल्या बापाला पुण्याला पाठवतोस?"

"हळू बोला काका. ऐकेल ती."

"ऐकू दे!"

"सांगितलंय तिला. पुन्हा पुन्हा सांगितलंय. दर वेळी पहिल्यांदाच कळल्यासारखी रडते आणि विसरते. म्हणून तर फोटो गॅरेजात. गाडी मी चालवायचो तेव्हा ती धावत यायची आणि उतरताना मी दिसायचो. नंतर जेवायचीच नाही. म्हणून विकायला काढली, तर तुमचा रस्ता हाच निघाला. आता व्हॅन खिडकीतून दिसली की म्हणते, 'आले, पार्किंग शोधतायत.' आणि ताटावर बसते. तुम्ही फक्त जात राहा. थांबू नका."

"आणि मला सांगायचं नव्हतं?"

"सांगितलं असतं तर घेतली असती?"

नसती. मला वाटत होतं मी त्याला वाकवलं. त्याने मला कामाला ठेवलं होतं, बिनपगारी, मेलेल्या माणसाच्या जागी.

दुसऱ्या दिवसापासून मी रस्ता बदलला. दोन-तीन दिवसांत फोन आला, "काका, ताट तसंच आहे." फोन आपटला. पुन्हा आला. बायकोने तो ऐकला आणि व्हॅनची किल्ली माझ्या हातात दिली. मी पुन्हा त्या रस्त्याने जायला लागलो.

पण आता ती खिडकीत थांबत नाही. व्हॅन थांबते हे तिने एकदा पाहिलंय, आणि बाकी सगळं विसरणारी ती बाई नेमकं एवढं विसरलेली नाही. फुटपाथच्या कडेला येऊन उभी राहते, हात वर करून. सगळा हिवाळा मी तिथे ब्रेकवर पाय ठेवून जीव मुठीत धरला. मी वेग कमी केला की ती एक पाऊल पुढे येते. आता पुन्हा बर्फ पडेल, रस्ते निसरडे होतील.

मंडळाचा अंक तुझ्याही घरी येतो, तेव्हा तू हे वाचशीलच. तिचं रडणं तुला बघवत नाही, हे मला समजतं. पण ते टाळण्यासाठी तू तिला रस्त्यावर आणून उभं केलंस आणि स्टिअरिंग माझ्या हातात दिलंस. एखाद्या संध्याकाळी ती चाकाखाली आली, तर पोलिसांसमोर मी उभा राहणार आणि तू खिडकीतून बघणार? मला फोनवरचं सॉरी नको. बाहेर ये, तिच्या शेजारी उभा राहा आणि मी समोर असताना बोल: हे किती दिवस चालवणार आहेस, आणि तिला काही झालं तर जबाब कोण देणार?