काकीचा हायड्रेंजिया

"तुझीच नजर लागली गो माझ्या हायड्रेंजियाक!" काकी कुंपणावरून शेजारणीवर अशी कडाडली की समुद्रातल्या होड्या माघारी वळल्या. शेजारणीच्या कुंड्यांत नारळाएवढे निळ्या फुलांचे गेंद, आमच्या कुंड्यांत नुसती पानं. आणि यंदाचं गणपतीचं मखर घरच्याच फुलांनी सजवणार, हे काकीने आचऱ्यापासून कणकवलीपर्यंत सांगून ठेवलेलं. "नजर कसली?" शेजारीण म्हणाली, "फुलां जुन्या फांदीच्या शेंड्याक येतत. तुझो घोव दर दिवाळीक अडकित्त्यान शेंडेच उडयता." पडवीत काकांच्या तोंडातली सुपारी जागीच थांबली. काकी किंचाळली, "आणि तू इतकी वर्सां गप बघत बसलंस?" कुठे अडकित्ता वाजला की शेजारणीचं उत्तर मला आजही ऐकू येतं: "होय. बघूक बरां वाटत होतां."