अनुभूती पुन्हा पाण्याला जाते

जळकोटला हायवेच्या कडेला, टायरवाल्याच्या शेजारी, वीरप्पांचा फोटो स्टुडिओ आहे. त्यांची थोरली मुलगी राजेश्वरी लग्नांचं शूटिंग करायची. नवरीच्या खोलीत पुरुष कॅमेरावाला नको, म्हणून लोक तिला मुद्दाम बोलवायचे. हळद लागताना, मुंडावळ्या बांधताना ती इतकी हलक्या पावलानं वावरायची, की ती तिथं आहे हे बायका विसरूनच जायच्या.

हायवेवरच्या मोठ्या मंगल कार्यालयाचा मालक बलभीम. पन्नाशीचा, कपाळाला कुंकू, नवरात्रात मंडळाला पहिली देणगी त्याची. राजेश्वरीला तो "राजू बेटा" म्हणायचा. एका लग्नात ती बॅटरी चार्जिंगला लावायला मागच्या खोलीत गेली, आणि तिच्या पाठोपाठ तो आत आला. त्या खोलीचं दार फुगलेलं होतं. खांदा मारल्याशिवाय ते चौकटीत बसायचं नाही. त्यानं खांदा मारला आणि कडी लावली. मांडवात बँड वाजत होता. ती ओरडली ते कुणाला ऐकू गेलं नाही.

घरी येऊन तिनं वडलांना सांगितलं. वीरप्पांनी उठून आधी खिडकी लावली. मग कानडीतच म्हणाले, "बेडा." नको. "कुठं बोलू नको. धाकटीचं लग्न व्हायचंय अजून."

तिनं लग्नांचं शूटिंग सोडलं. स्टुडिओत बसून पासपोर्ट फोटो काढू लागली. गिऱ्हाइकानं आत येताना मागं काचेचं दार लोटलं, की ती हातातलं काम टाकून आधी ते उघडायची. शेवटी तिनं वीट लावून ते दार कायमचं उघडं ठेवलं. वीरप्पा ती वीट रोज बघत. काढायला मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

अशीच तीन वर्षं गेली. मग एका दुपारी हरणाबाई आली. साठी ओलांडलेली, गळ्यात कवड्यांची माळ, काखेत संबळ. देवीची आराधी गाणी म्हणत गावोगाव फिरणारी बाई. तिला आपली गाणी मोबाइलवर चढवून हवी होती. तिनं अनुभूतीची कथा गायला घेतली. कर्दम ऋषी वारल्यावर त्यांची बायको अनुभूती मंदाकिनीच्या काठी तपाला बसली, तिथं कुकुर दैत्यानं तिच्यावर हात टाकला, तिनं हाक मारली आणि देवी धावत आली. त्वरित आली म्हणून त्वरिता, त्वरिताची तुळजा. या भागात ही कथा माहीत नाही असं माणूस सापडायचं नाही. राजेश्वरीनंही ती शेकडो वेळा ऐकली होती. त्या दिवशी मात्र रेकॉर्डिंग थांबवून तिनं विचारलं, "मावशी, दैत्य मेला. मग अनुभूतीचं पुढं काय झालं?"

"पुढं गाण्यात न्हाय."

"पण तिला पाण्याला तर त्याच नदीवर जावं लागलं असंल की."

हरणाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग दाराच्या विटेकडं. "लागलं असंल," ती म्हणाली. "देवी समद्यांकडंच त्वरित येत न्हाय, लेकी. माझ्याकडं आलीच न्हाय."

त्या दिवशी रेकॉर्डिंग तिथंच राहिलं. पण हरणाबाई दुसऱ्या दिवशी परत आली, तिसऱ्या दिवशीही. त्यातून फिल्म ठरली. छोटीशी, दहा-बारा मिनिटांची. राजेश्वरीच्या फिल्ममध्ये दैत्य नव्हता आणि देवीही नव्हती. त्या घटनेला चाळीस वर्षं झालीत, अनुभूती म्हातारी झाली आहे आणि घागर घेऊन नदीवर निघाली आहे, एवढंच. हरणाबाई अनुभूती झाली. नळदुर्गच्या अलीकडं बोरी नदीत उन्हाळ्यात नुसती डबकी उरतात. तिथं त्यांनी शूटिंग केलं. काठावर येऊन म्हातारी थांबते, मागं वळून बघते, आणखी दोन पावलं टाकते, पुन्हा थांबते. पहिल्या दिवशी राजेश्वरीच्या हातात चित्र हललं. हरणाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसंच. तिचंबी हाललं असंल."

फिल्ममध्ये एकच आवाज हवा होता. म्हातारी वळून बघते तेव्हा तिला काय ऐकू येतं, तो. राजेश्वरीनं स्टुडिओचं दार वाजवून पाहिलं, घरचं पाहिलं. एकही जमेना. शेवटी ती म्हणाली, "मावशी, तिथंच जावं लागतंय."

लग्नसराई संपली होती. भर दुपारी कार्यालय ओस पडलं होतं. नवरा-नवरीच्या खुर्च्यांवर धूळ, छताला सुकलेल्या झेंडूच्या माळा. राखणदाराला त्यांनी सांगितलं, मागच्या लग्नात वायर राहिली. राजेश्वरी मागच्या खोलीत गेली आणि हरणाबाई उंबऱ्याबाहेर पाय रोवून उभी राहिली. राजेश्वरीनं माइक लावला, दाराला खांदा मारला, कडी ओढली. सोडली. पुन्हा ओढली. कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ आला, तेव्हा तिनं दार उघडलं.

"काय भरून न्यायला आलीस, राजू बेटा?"

बलभीम हरणाबाईच्या पाठीमागं उभा होता. हातात गाडीची किल्ली, चेहऱ्यावर हसू.

"दाराचा आवाज," राजेश्वरी म्हणाली. खोटं सुचलं नाही.

त्यानं मान डोलावली. "आवाज न्या की. दार जागेवर ऱ्हाऊ द्या म्हंजे झालं." मग हरणाबाईकडं वळून, त्याच गोड आवाजात, "मावशी, तुमची पोरं पुण्याला असतात म्हणं. इथं एकट्याच ऱ्हाता न्हवं?"

त्यानंतरच्या आठवड्यात कुणीतरी हरणाबाईच्या संबळाचं कातडं ब्लेडनं चिरलं. स्टुडिओच्या बोर्डाला कुणीतरी काळा रंग फासला. कुणी समोर येऊन काही बोलत नव्हतं. बाजारात मात्र भाजीवाल्या राजेश्वरीशी बोलेनाशा झाल्या. वीरप्पा म्हणाले, "बंद कर ते." ती म्हणाली, "अप्पा, तुमी बोर्ड धुऊन घ्या. म्या फिल्म पुरी करते." एवढं सरळ उत्तर तिनं त्यांना पहिल्यांदाच दिलं होतं.

नवरात्रात मंडळाच्या पोरांनी अनुभूतीचं नाव ऐकून, देवीची फिल्म म्हणून ती दाखवायची ठरवली. बलभीम अडवील असं तिला वाटत होतं. त्यानं उलट निरोप पाठवला, "दाखवा. म्या पुढंच बसतो."  अडवलं असतं तर भांडता आलं असतं. समोर येऊन बसणाऱ्याशी कसं भांडायचं?

आरती झाल्यावर समाजमंदिरात पांढरा कपडा ताणला. बलभीम पहिल्या खुर्चीत, मांडीवर शाल. फिल्म सुरू झाली. नदी, ऊन, म्हातारी. बायका कुजबुजत होत्या, "ही तर हरणाबाई." मग म्हातारी काठावर थांबली, आणि दारावर खांदा बसल्याचा तो दणका आला. त्याच्या मागून कडी.

बायकांच्या घोळक्यात कुणीतरी किंचाळलं. "दार उघडा! उघडा दार!"

ती सोनाली होती. त्या कार्यालयात नवऱ्या नटवायला जाणारी ब्यूटी पार्लरवाली, दोन लेकरांची आई. दोन्ही कानांवर हात दाबून ती उभी होती आणि बलभीमच्या पाठीकडं बघत होती. सगळी सभा आधी तिच्याकडं, मग तिच्या नजरेच्या रोखानं वळली. बलभीमनं मान फिरवली नाही. तो सावकाश उठला. "देवीच्या नावावर असलं काय दाखवता? बंद करा." कुणीतरी तत्परतेनं वायर उपटली. अंधार झाला.

त्या अंधारात चपलांचा आवाज झाला. मागं दाराशी उभे असलेले वीरप्पा भिंत चाचपत पुढं आले आणि वायर पुन्हा खोचली. पडद्यावर नदी उजळली.

"चालू दे," ते म्हणाले. हात वायरीवरच होता. "माझ्या पोरीची हाय ती."

फिल्म शेवटपर्यंत चालली. म्हातारी घागर भरून घेते आणि वर चढू लागते, एवढाच शेवट. कुणी टाळी वाजवली नाही. बायका एकमेकींकडं न बघता उठल्या.

दुसऱ्या दिवशी सोनाली स्टुडिओत आली. तिच्याही बाबतीत तेच घडलं होतं, त्याच खोलीत, राजेश्वरीच्या आदल्या वर्षी. "म्या समजत व्हते, म्या एकटीच हाय," ती म्हणाली. आठवड्याभरात दोघींनी तक्रार दिली. हरणाबाई सोबत होती, वीरप्पाही गेले. बलभीमला अटक झाली आणि काही महिन्यांनी जामीन झाला. खटला धाराशिवला सुरू आहे. कार्यालयही सुरू आहे. तिथं लग्नं लागतात, गाव जेवायला जातं आणि तो दारात उभा राहून पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडतो.

राजेश्वरीकडं बायका येऊ लागल्या. भूमहून, लोहाऱ्याहून. स्वतःचं काही सांगत नाहीत. "मला येरमाळ्याच्या येडाईची गोष्ट करायचीय," म्हणतात आणि त्या गोष्टीआडून बोलत राहतात. सीतेचं रूप घेऊन पार्वती रामासमोर आली, रामानं ओळखलं आणि म्हणाला, आई, तू वेडी आहेस का? तेच नाव पडलं. येडाई. बोलणाऱ्या बाईला गाव काय म्हणतं, हे या बायकांना ठाऊक असतं. सोनालीच्या सासरचेही आता तेच म्हणत होते, डोकं फिरलंय तिचं, हिला दवाखान्यात घालायला पाहिजे. नव्या फिल्ममध्ये येडाईचं काम सोनालीनं करायचं ठरलं होतं. साक्षीची तारीख जवळ आली आणि तिचा फोन लागेनासा झाला. नवऱ्यानं सांगितलं, बहिणीकडं गेलीय. बहीण म्हणाली, इकडं आली न्हाय.

शूटिंगच्या ठरल्या दिवशी राजेश्वरी आणि हरणाबाई येरमाळ्याला गेल्या, देवळाच्या डोंगराखाली कॅमेरा लावून बसल्या. एसटी येत होत्या, रिकाम्या होऊन जात होत्या. हरणाबाई प्रत्येक गाडीला उठून उभी राहायची आणि पुन्हा बसायची. उन्हं कलली तेव्हा कळंबच्या गाडीतून सोनाली उतरली. अंगावर घरातली साडी, पायात चपला नाहीत, ओठ सुजलेला. मनगटावर दोरीचे वळ.

"लेकरं?" हरणाबाईनं विचारलं.

"तिथंच हायत. सासरच्यांनी कळंबला कोंडून ठिवलं व्हतं मला." तिनं आलेल्या रस्त्याकडं पाहिलं. रस्ता मोकळा होता. "अजून कळलं नसंल त्यास्नी. अर्ध्या तासात कळंल."

"मग आधी ठाण्यात जाऊ," राजेश्वरी म्हणाली आणि कॅमेरा आवरायला वाकली.

सोनालीनं तिचा हात धरला. "आधी हे घे. तोंड असं हाय तवरच घे."

राजेश्वरीनं कॅमेरा पुन्हा उभा केला. हरणाबाई रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.