उरलेल्या तुकड्यांचं छत

आधी त्यांचं सांगतो, कारण ते नसते तर मी या शहरात टिकलोच नसतो. आमच्या वस्तीतल्या लहानशा ख्रिस्ती प्रार्थनाघराचे म्हातारे पाळक. आठवीत शाळा सोडून मी किनवटहून आलो, तेव्हा त्यांनी बाजूच्या खोलीत झोपायला जागा दिली, स्वतःच्या ताटातलं वाढलं, आणि चिकलठाण्यात नव्या फ्लॅटांना सिलिंग करणाऱ्या ठेकेदाराकडं हात धरून नेलं.

काम शिकलो. पण इकडं प्रार्थनाघराचं छत सुटत चाललं होतं. उपासनेला बसलेल्या लेकरांच्या अंगावर खपल्या पडायच्या. तीन-चार घरांनी येणं सोडलं. उरलेल्यांनी बजावलं, नाताळपर्यंत छत झालं नाही तर इथली उपासना बंद. मी उभा राहून म्हणालो, "मी करतो."

हातात मोकळा फक्त रविवार. आणि दर शनिवारी ठेकेदार म्हणायचा, "उद्या ये, नायतर दुसरा बघतो." मी भ्यायचो. जायचो. लोकांच्या बेडरूमला नक्षीची छतं लावायचो.

नाताळच्या आठवड्यात साइटवर उरलेले सिलिंगच्या जिप्सम बोर्डांचे तुकडे टेम्पोत टाकून आणले. कोपरे फुटलेले, काही भिजून फुगलेले. पाळकबाबांनी एक उचलून पाहिला.

"लंगडं मेंढरू आणलंस व्हय रे?"

"चालंल की बाबा. देवाला काय कळतंय!"

"तुझ्या ठेकेदाराला चालंल का?"

"नाय."

ते हसले. मग हळूच म्हणाले, "बायबलात इस्राएलाचे संदेष्टे याच्यावरनंच ओरडले, लेकरा. आधी आपलं घर, आधी आपलं पोट, आन् देवाला वाहायला उरलंसुरलं, लंगडं मेंढरू. चाळीस वर्षं हे वाचून दाखवतोय. कुणी ऐकल्याचं आठवत नाय."

तुकडे बसवले, पण ते धरून राहिले नाहीत. नाताळच्या उपासनेतच एक खाली आला. कुणाला लागलं नाही, पण लोक उठले ते उठलेच. दाराला कुलूप पडलं. बाबा देवगाव रंगारीला लेकीकडं गेले आणि तिथं अंथरुणाला खिळले. एकदा भेटून आलो. छताचा शब्द काढला नाही त्यांनी, "जेवलास का?" एवढंच विचारलं. मला लई रडू आलं.

प्रार्थना आता जमत नाही. कोणत्या तोंडानं करू? उद्या रविवार आहे. ठेकेदाराचा फोन आला होता, मी "येतो" म्हणालोय.

बाबा, तुमचे उपकार फेडायचे राहिलेत. एक दिवस कोरे, अख्खे बोर्ड आणीन आणि इतर कुणाच्याही घराआधी तिथं लावीन. खाली बसायला कुणी उरलं नसलं तरी.